नातेवाईकाची चौकट

माझा फोटो स्टुडिओ जळगावात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगत आलो: मान थोडी खाली, कान दिसू द्या, दात नको. आधारला तेच, कॉलेजच्या फॉर्मला तेच, पोलीस भरतीला तेच. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, पण मनापासून नाही. लग्नात लोक फार हलतात आणि विनाकारण हसतात. हसला की माणसाचं तोंड बिघडतं, हे माझं मत आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे सरकारचंही तेच आहे.

असा माणूस मुलांना फोटोग्राफी शिकवायला का गेला, याचं उत्तर सोपं आहे. उन्हामुळे. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं जळगावच्या एका मुलींच्या बालगृहाला पंधरा कॅमेरे दिले होते. ज्या लेकरांवर वाईट प्रसंग गुदरलेत त्यांच्या हातात कॅमेरा दिला की त्यांच्या मनाची जखम भरून येते, अशी त्यांची योजना होती. सोबत एक पुस्तिका होती आणि शिकवायला एक बाई. बाई एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना ऊन लागलं, चौथ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत. कॅमेरे राहिले, पुस्तिका राहिली, आणि मे महिन्याच्या शेवटी ठरलेलं प्रदर्शन राहिलं, कारण त्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मग बालगृहाच्या अधीक्षिका सुलक्षणा मॅडमनी गावातला जवळचा फोटोवाला बोलावला. जवळचा म्हणजे मी, प्रेमराज.

पहिल्याच भेटीत मॅडमनी माझ्यापुढे नियमांचा कागद सरकवला.

"कलम चार वाचा."

मी वाचलं. बालगृहातल्या कोणत्याही बालकाचा चेहरा फोटोत दिसता कामा नये.

"म्हणजे कुठल्या मुलींचा?" मी विचारलं.

"सगळ्यांचा."

"मग फोटो कशाचे काढायचे?"

"बाकी सगळ्याचे," मॅडम म्हणाल्या.

हे म्हणजे शिंप्याला कापड न कापता पोलकं शिव म्हणण्यासारखं होतं, आणि मी तसं बोललोही. मी बोलायला लागलो की माझी बायको दुकानातला रेडिओ मोठा करते. मॅडमकडे रेडिओ नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्यानं मोबाईलवर मुलींचा फोटो काढला. तो फिरत फिरत कुठे गेला कुणास ठाऊक. आठ दिवसांनी ज्याच्या भीतीनं एक पोर इथं आली होती, तोच माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. मी पुस्तिका घेतली आणि शनिवारी येतो म्हणालो.

पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘मुलांना व्यक्त होऊ द्या.’ कसं होऊ द्या ते लिहिलं नव्हतं. मी आपलं मला येतं ते शिकवलं. कॅमेरा दोन्ही हातांनी धरा. कोपरं अंगाशी. श्वास भरा, धरून ठेवा, मग बटण दाबा, मग श्वास सोडा. चौदा मुली आणि एक लहान पोरगा व्हरांड्यात रांगेनं बसून तासभर श्वास धरत आणि सोडत होते. सोनल नावाची एक मुलगी होती, तिचे हात सारखे कापायचे. तिला मी हेच वीस वेळा करायला लावलं. तिसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, सोनल आता झोपताना पण तेच करते, आणि तिला झोप लागते. मी तर फोटो हलू नये म्हणून सांगितलं होतं. पण मॅडमनी ते अहवालात लिहिलं आणि पुण्याहून माझ्या नावानं शाबासकीचं पत्र आलं.

मुलींनी काय काय काढलं! चपलांची रांग काढली, दोरीवरचे ओले कपडे काढले, वरणाच्या पातेल्यातून निघणारी वाफ काढली. पाठी काढल्या, वेण्या काढल्या, मेंदी उतरलेले हात काढले. चेहरा सोडून माणसाला इतकं काही असतं हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. मास्तरनं सगळंच सांगू नये.

त्यांच्यात ममता होती. अकरा वर्षांची, सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या अंगाला कुठलंसं गाव. कमी बोलायची आणि बोलली तर असं, की पुढच्यानं गप्प बसावं. चौथ्या शनिवारी मी तिचा कॅमेरा तपासला. त्यात एकशे सदतीस फोटो होते. सगळे एकाच मानेचे. मागून काढलेली एक बारीक, काळीसावळी मान आणि वर केसांचे दोन भोवरे. ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे असतात त्याची दोन लग्नं होतात म्हणतात. इथं नवरदेव अजून सहा वर्षांचाही नव्हता. वर्गात जो एकटा पोरगा बसायचा तोच, ममताचा धाकटा भाऊ पुन्या.

"तुला दुसरं काही दिसत नाही का गं?" मी विचारलं.

"दिसस ना."

"मग ते काढ की! झाड काढ, नळ काढ, ती मांजर काढ."

"ते बठ्ठं आठेच ऱ्हाई," ती म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातातून काढून घेऊन गेली.

मी असोद्याचा, आमच्या घरची बोली वेगळी, पण गिऱ्हाइकांमुळे मला तिची बोली समजते. ते सगळं इथंच राहील, असं ती म्हणाली होती. शब्द समजले, अर्थ समजला नाही. तो मॅडमनी सांगितला. सहा वर्षांपर्यंतचा भाऊ बहिणीबरोबर मुलींच्या बालगृहात राहू शकतो. सहा पूर्ण झाली की त्याला मुलांच्या बालगृहात जावं लागतं. पुन्याला जूनमध्ये सहा पूर्ण होत होती. जागा धुळ्याला मिळाली होती. आदेश आला होता.

"आणि तिला माहीत आहे?"

"तिनंच मला विचारलं, किती शनिवार राहिले म्हणून," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी ममता वर्ग संपल्यावर थांबली. पुन्या अंगणात मांजरीच्या मागे लागला होता.

"मना तोंडना फोटो काढी द्या," ती म्हणाली. "तो संगे ली जाई." पुन्याला सोबत न्यायला तिच्या तोंडाचा फोटो हवा होता.

"कशाला? तो काय तुला विसरणार आहे?"

"इसरी जाई."

"बहिणीला कुणी विसरतं का?"

गालाला साबण लावून येतो आणि दाढी केलीय म्हणतो, अशा गिऱ्हाइकाकडे मी जसं बघतो, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "मायले इसरी गया ना," ती म्हणाली.

मग एकेक करून तिनं सांगितलं. त्यांची आई गुंताबाई वारली तेव्हा पुन्या अडीच वर्षांचा होता. बाप सुरतला कामाला गेला तो गेलाच. जाताना घरातली सगळी आधार कार्डं एका पिशवीत घालून घेऊन गेला, आणि आईचा जगातला एकुलता एक फोटो त्या पिशवीत होता. पुन्याला आईचं तोंड आठवत नाही. माय कशी होती असं तो विचारतो, तेव्हा ममता सांगते, मनासारखी. माझ्यासारखी. म्हणजे तिचं तोंड विसरला की तो दोघींनाही विसरणार, हा तिचा हिशेब होता. अकरा वर्षांच्या पोरीचा हिशेब, आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही.

मी मॅडमकडे गेलो. मॅडम नाही म्हणाल्या. सहा वर्षांच्या पोराच्या खिशातला फोटो कुठे पडेल, कुणाच्या हाती लागेल, हे कुणी सांगावं? मी म्हणालो, तुमचं काळीज दगडाचं आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे. मी घरी गेलो आणि त्या दिवशी आलेल्या तीन गिऱ्हाइकांवर खेकसलो. तिघांचेही कान फोटोत नीट दिसले, एवढं मात्र झालं.

मे महिन्यात प्रदर्शन झालं. ममताच्या त्या मानेचे बारा फोटो एका ओळीत लावले होते. प्रमुख पाहुणे कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेले होते. ते त्या ओळीपुढे बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"समाजाकडे पाठ फिरवलेलं बालपण," ते म्हणाले. "चेहरा नाकारणं! केवढी खोल वेदना आहे ही. हे हिला सुचलं कसं?"

"कलम चार," मी म्हणालो.

"वा!" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: ‘कलम चार’ या चित्रमालिकेनं रसिक भारावले. ममतानं ती बातमी वाचली आणि विचारलं, हा माणूस धुळ्याला राहतो का? नाही म्हटल्यावर तिनं पेपर बाजूला ठेवला.

त्या सोमवारी मॅडमनी मला पुन्याच्या फाईलसाठी फोटो काढायला बोलावलं. बदलीच्या फाईलला फोटो लागतो आणि तिथं कलम चार लागू नाही, कारण फाईल कपाटात असते. मला दुसऱ्यांचे फॉर्म वाचायची सवय आहे. निम्मं गाव माझ्याकडे फॉर्म घेऊनच येतं. मी मॅडमच्या टेबलावरचा फॉर्म वाचायला घेतला. पहिल्या पानावर शेजारी शेजारी दोन चौकटी होत्या. एकीवर लिहिलं होतं, बालकाचा फोटो. दुसरीवर, जवळच्या नातेवाईकाचा फोटो, असल्यास. दुसऱ्या चौकटीत मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, निरंक.

"मॅडम, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"काय खोटं आहे?"

"निरंक म्हणजे काहीच नाही. याला बहीण आहे. ती आता बाहेर पायरीवर बसलीय."

"नातेवाईक सज्ञान लागतो."

"कुठे लिहिलंय?"

मॅडम उठल्या. त्यांनी कपाट उघडलं, दोन फाईली काढल्या, शासनाची परिपत्रकं काढली. वीस मिनिटं त्या उभ्यानं वाचत होत्या. मी घड्याळाकडे बघत होतो. मॅडमबद्दल एक गोष्ट मला तोवर कळली होती. जे लिहिलेलं आहे ते त्या मोडणार नाहीत, पण जे लिहिलेलं नाही ते मनानं घुसडणारही नाहीत. त्यांनी शेवटचं परिपत्रक मिटलं.

"लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग मला अडवता येणार नाही." त्यांनी खोडरबर घेतला आणि निरंक पुसून टाकलं.

व्हरांड्यात पांढरी चादर बांधली. पुन्याचा फोटो ममतानं स्वतःच काढायचा असं ठरलं. तिनं कॅमेरा वर उचलला आणि पुन्या सवयीनं पाठ करून उभा राहिला. त्याला खांद्याला धरून तीन वेळा वळवावं लागलं. बहीण फोटो काढते म्हणजे मान द्यायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. मॅडम चटकन आत निघून गेल्या. त्यांना फोन आला असावा, पण वाजल्याचं मला ऐकू आलं नाही.

मग मी ममताचा काढला. मान थोडी खाली, कान दिसू दे, दात नको. पोरगी गुणी, एका फटक्यात फोटो आला. मॅडमनी तो चौकटीत चिकटवला आणि शिक्का मारला, निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर. ममताच्या फाईलमध्ये तशाच चौकटीत पुन्याचा लावला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्या धुळ्याला गेला. निघताना ममतानं त्याला समजावलं, मी फाईलमध्ये आहे, तिथल्या साहेबाला सांग म्हणजे दाखवतील. फाटक लागल्यावर ती आत आली आणि तिनं नळाचा फोटो काढला. मांजरीचाही काढला. मला ते बघवेना.

ऑगस्टमध्ये सोनगीरला माझ्या मावसभावाचे सासरे वारले. त्यांच्या दिवसांना, म्हणजे आमच्याकडच्या गंधमुक्तीला, गेलो होतो. येताना धुळ्याला उतरलो आणि मुलांच्या बालगृहाचा पत्ता विचारत गेलो. तिथले लिपिक हितेंद्र नावाचे. जळगावच्या बालगृहाचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी पुन्याची फाईल काढून उघडली. दुसरी चौकट रिकामी होती. अर्धा शिक्का तेवढा राहिला होता.

"तुमचा फोटो पडला," ते म्हणाले. "चिकट खराब वापरता तुम्ही. मी जळगावला पत्र टाकलंय, नवीन पाठवा म्हणून."

मी चिकटवलेला फोटो आजपर्यंत पडला नाही, आणि हा तर मॅडमनी चिकटवला होता. मी वाद घालणार होतो, पण तेवढ्यात अंगणात मला दोन भोवरे दिसले.

पुन्याचे केस बारीक कापले होते. त्यानं मला ओळखलं, पण विशेष आनंद दाखवला नाही. त्याला वेळ नव्हता. पिंपळाच्या पारावर सात-आठ पोरं रांगेत उभी होती आणि हा पुढे बसला होता. त्याच्या हातात बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. एकेक पोरगा पुढे यायचा, बघायचा, आणि मागे जाऊन परत रांगेत उभा राहायचा.

"काय दाखवतोय रे?"

त्यानं कागद उघडून माझ्यापुढे धरला. ममता होती. मान थोडी खाली, दोन्ही कान, दात नाही, गालावर अर्धा शिक्का.

"हाई मनी माय," पुन्या म्हणाला.

मी तोंड उघडलं. अरे गाढवा, ही तुझी बहीण, असं म्हणणार होतो. मग मी रांगेकडे बघितलं. त्या सगळ्या पोरांत आईचा फोटो असलेला हा एकटाच होता, आणि बाकीचे ती बघायला येत होते. मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा मिटलं असेल.

"आणि ममताअक्का?" मी विचारलं. "ती कशी दिसते रे?"

त्यानं विचार केला. "मोठी शे," तो म्हणाला.

"आणखी?"

"कॅमेरा शे तिनाजोडे." तिच्याजवळ कॅमेरा आहे, एवढं त्याला आठवत होतं.

"तोंड कसं आहे?"

त्यानं रांगेतल्या पुढच्या पोराला बोलावलं.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, सगळा रस्ता मी ठरवत आलो की हे ममताला सांगायचं नाही. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. शनिवारी मी सगळं सांगितलं. रांग, बिस्किटाचा कागद, सगळं. ममता ऐकत होती. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"बरं जयं," ती म्हणाली. "त्याले माय भेटनी." त्याला आई मिळाली, बरंच झालं. मग तिनं विचारलं, "मंग मी कोठे शे?"

मी कॅमेऱ्याची काच पुसत बसलो. ती आधीच स्वच्छ होती.

उत्तर तिनंच काढलं. "माय कधी हासेच नही," ती म्हणाली. "मना हासाना फोटो काढा. मंग तो वळखी."

आई कधीच हसायची नाही. तेव्हा हसणारी असेल ती बहीण. ही गोष्ट बावीस वर्षं तोंडं बघणाऱ्याला सुचायला हवी होती. आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. धुळ्याचं पत्र त्यांच्या टेबलावरच होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत परत वाचलं.

"नवा फोटो पाठवा असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हसरा नको असं लिहिलेलं नाही."

परत पांढरी चादर बांधली. ममता स्टुलावर बसली. मी म्हणालो, हस. तिनं दात दाखवले, डॉक्टरला दाखवतात तसे. मी म्हणालो, असं नाही, खरं हस. तिनं आणखी दात दाखवले. मी तलाठ्याचा एक विनोद सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "मंग?" सोनलनं मांजरीचा आवाज काढला. दोघी-तिघींनी नाचून दाखवलं. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. अर्धा तास गेला. लोकांची हसणी बंद करण्यात माझी उमर गेली, सुरू कशी करायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मला राग आला, म्हणजे स्वतःचाच आला, पण निघाला तिच्यावर.

"ऊठ," मी म्हणालो. "घे कॅमेरा. मी बसतो. तूच माझा हसरा फोटो काढ, म्हणजे कळेल किती सोपं आहे ते!"

मी स्टुलावर बसलो आणि हसलो. ममतानं कोपरं अंगाशी घेतली, श्वास धरला, बटण दाबलं आणि मागच्या पडद्यावर बघितलं. माझा फोटो किती वर्षांत कुणी काढला नव्हता. तो कसा आला होता ते मी नंतर बघितलं आणि त्याबद्दल इथं काही सांगणार नाही. ममताच्या नाकातून आधी एक आवाज आला. मग ती वाकली, मग तिनं एका हातानं पोट धरलं, आणि मग ती हसली. अशी हसली की सोनल हसायला लागली आणि सगळा व्हरांडा हसायला लागला.

"अरे काढा कुणीतरी!" मी ओरडलो. कॅमेरे सगळ्यांकडे होते, पण एकही पोर हललं नाही. चेहरा काढायचा नाही, हे त्यांच्या अंगी मुरलं होतं. मी स्टुलावरून उठेपर्यंत हसू संपलं असतं. तेवढ्यात मॅडम पुढे आल्या, त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि दाबला. जन्मात पहिल्यांदाच दाबला असावा. कोपऱ्यात त्यांचं बोट आलं, ममताचं डोकं वरून थोडं कापलं गेलं, ती तिरपी होती, डोळे मिटलेले, झाडून सगळे दात बाहेर, एकही कान धड नाही. असा फोटो दुसऱ्या कुणी काढला असता तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. मी त्यात काडीचाही बदल केला नाही. तसाच छापला.

मॅडमनी पाकिटात दोन प्रती घातल्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक फाईलला."

"आणि दुसरी?"

"ती पडेल," मॅडम म्हणाल्या आणि पाकीट बंद केलं.

धुळ्याला मी स्वतः गेलो. घरी सांगितलं, प्रिंटरचं काम आहे. हितेंद्रनी फोटो उजेडात धरला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला. "हा चालणार नाही," ते म्हणाले. "तोंड पूर्ण नाही." मी म्हणालो, पाठवणाऱ्या अधीक्षिकेची सही आहे, चालत नसेल तर त्यांना परत पत्र टाका. त्यांनी सुस्कारा सोडला आणि चिकटवला.

दुसरी प्रत घेऊन मी पारावर गेलो. पुन्या एकटाच होता. कुणाचा ते न सांगता मी फोटो त्याच्या हातात दिला. त्यानं खिशातून बिस्किटाचा कागद काढला, उघडला आणि दोन्ही फोटो गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. अकरा वर्षांची एक पोर जळगावला शनिवारची वाट बघत होती आणि तिला काय सांगायचं ते आता या सहा वर्षांच्या नवरदेवाच्या हातात होतं.

"हाई माय," त्यानं पहिल्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्यावर बोट ठेवून तो थांबला. मग त्यानं फोटो उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"हाई ममताअक्का," तो म्हणाला. "कोनले हासी ऱ्हायनी ती?"

"माले," मी म्हणालो.

त्यानं मान वर करून माझं तोंड नीट बघितलं.

"बराबर शे," तो म्हणाला.